वीस रुपयांच्या नोटेमागचं बेट

तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी

"अरे, समुद्र कुठं गेला?"

डिसेंबरातली दुपार होती. दुसऱ्या दिवशी माझा वॉटर रिसोर्सेसचा पेपर, पुढ्यात सिनियरच्या झेरॉक्स, आणि फोनवर आई. सकाळी नारळाच्या झाडांपर्यंत आलेला समुद्र ती जेवून येईस्तोवर पार लांब निघून गेला होता. घरातला एकुलता एक अर्धा इंजिनिअर म्हणून याचा खुलासा तिला माझ्याकडून पाहिजे होता. फोन स्पीकरवर होता. खोलीतल्या सगळ्यांनी पुस्तकं मिटली. पेपरच्या आदल्या दिवशी पुस्तक मिटायला कारण मिळालं की कोण सोडतं?

आई-बाबा तेव्हा अंदमानातल्या नील बेटावर होते. दोघंच. आमच्या गावात ही गोष्ट किती मोठी आहे हे कळायला थोडं मागं जावं लागेल.

आमचं गाव मालेगाव. नाशिकचं नाही, वाशिम जिल्ह्यातलं. हे वाक्य मी हॉस्टेलला आल्यापासून शंभरदा तरी बोललो असेन. तालुक्याचं ठिकाण, नागपूरहून मेहकरकडे जाणाऱ्या जुन्या हायवेवरचं. शिरपूर जैन आमच्याच तालुक्यात. शेतात सोयाबीन, तूर, हरभरा. समुद्र सरळ रेषेत मोजला तरी चारशे किलोमीटरच्या पलीकडे. आमच्यासाठी पाणी म्हणजे विहीर, बोअर, धरण आणि वाईट वर्षी टँकर. आणि फिरायला जाणं म्हणजे शेगाव, पंढरपूर, फार तर तिरुपती. तेही आजीसकट, मावशीसकट, क्रूझर भरून. नवरा-बायकोनं दोघांनीच, देवाधर्माचं काही काम नसताना नुसतं फिरायला जायचं म्हटलं, की लोक आधी तब्येतीची चौकशी करतात.

मग आईच्या डोक्यात अंदमान आलं कुठून? नोटेतून. आई ब्लाउज शिवते. मी लहान असताना शिलाईचे पैसे बहुतेक विसाच्या लाल नोटांमध्ये यायचे. त्या नोटेच्या मागच्या बाजूला नारळाची झाडं, पाणी आणि लांबवर जमिनीचं एक टोक असं चित्र होतं. "हे कुठं असंन रे?" ती विचारायची. मला माहीत नव्हतं, बाबांना माहीत नव्हतं, शाळेत विचारलं तर "नोट कशाला आणली शाळेत" म्हणून ओरडा खाल्ला. नववीत असताना सायबर कॅफेत शोधलं. ते चित्र पोर्ट ब्लेअरजवळच्या माउंट हॅरिएट डोंगरावरून दिसणाऱ्या नॉर्थ बेचं निघालं. आईला सांगितलं. तिनं एक कोरी करकरीत नोट हरिपाठाच्या पुस्तकात ठेवून दिली. २०१९ मध्ये नवी हिरवट-पिवळी नोट आली, तिच्यावर वेरूळची लेणी आहेत. आईची लाल नोट पुस्तकातच राहिली.

गेल्या दिवाळीत दादानं पुण्याहून बोनसचे ऐंशी हजार आणले आणि बाबांच्या हातात ठेवले. बाबांनी लगेच हिशेब मांडला, शेतात बोअर. याआधी दोन मारले होते, दोन्ही कोरडे गेले. दादा म्हणाला, हे पैसे बोअरचे नाहीत, तुमच्या दोघांच्या अंदमानचे. घरात चार दिवस कोणी कोणाशी धड बोललं नाही. काकांनी ऐकलं तेव्हा एकच वाक्य टाकलं, "पाण्याले पैसा नाई, अन् पाणी पाह्याले चालले!" ते वाक्य बाबांना फार लागलं. ते तिकीट रद्द करायलाच निघाले होते. शेवटी आजीनं निकाल दिला. "जाऊ द्या त्याहिले. बोअर आता मारला तरी कोरडा अन् मंग मारला तरी कोरडा."

टूर मॅनेजर अर्थातच मी. रूममधला रत्नागिरीकर वैतागला. "अरे, आमच्या गणपतीपुळ्याला पाठव, समुद्र तोच!" तोच नाही, हे त्याला समजावताना माझाच अभ्यास झाला. कोकणात पावसाळ्यात नद्या डोंगरांवरची माती समुद्रात आणून ओततात, त्यामुळं किनाऱ्याचं पाणी बराच काळ गढूळ राहतं. अंदमानात मोठ्या नद्या नाहीत, उथळ पाण्यात प्रवाळ आहे. शिवाय नोटेवर गणपतीपुळं नव्हतं. हा मुद्दा त्याला जास्त पटला.

बेटं आठशेवर, पण बरीचशी नुसते खडक किंवा जंगल. माणसं राहतात ती तिसाच्या आसपास. आमचा बेत तीन बेटांचा. दक्षिण अंदमानात पोर्ट ब्लेअर, मग हॅवलॉक, मग नील. कागदावरची नावं आता वेगळी आहेत. हॅवलॉक आणि नील यांना २०१८ पासून स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप म्हणतात, पोर्ट ब्लेअर २०२४ पासून श्री विजयपुरम झालं. बोटीवाले आणि रिक्षावाले मात्र जुनीच नावं घेतात, म्हणून मीही तीच लिहितोय. बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा मी मुद्दाम यादीतून काढल्या. तिकडचा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये तो भाग वाहतुकीला बंद करायला सांगितलं होतं, तरी गाड्यांचे ताफे चालूच राहिले. काचेतून माणसं बघायला जाणं मला बरं वाटलं नाही. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "आपल्या घरात कोणी असं डोकावलं तर?" विषय संपला.

मालेगावहून समृद्धी महामार्गानं नागपूर, तिथून विमानानं कोलकाता, पुढं पोर्ट ब्लेअर. आईच्या पिशवीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, आवळासुपारी आणि खोबऱ्याच्या दोन वाट्या. वाट्या नागपूरलाच काढून घेतल्या. सुकं खोबरं तेलकट असतं, पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात चालत नाही. आई दोन दिवस त्या वाट्यांबद्दल हळहळत होती. नारळाच्या देशात निघाली होती तरी!

पहिला फोन आला संध्याकाळी पाचला. "इथं पाचलाच रात्र होते बाप्पा. अन् सकाळी साडेपाचले उजेड. घड्याळ बिघडलं का काय?"

घड्याळ ठीक होतं. आपलं भारतीय प्रमाणवेळेचं गणित ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बसवलेलं आहे. मालेगाव ७७ अंशाच्या आसपास, म्हणजे त्या रेषेच्या पश्चिमेला. पोर्ट ब्लेअर ९२.७ अंशावर, बरंच पूर्वेला. दर अंशाला चार मिनिटं. दोन्ही गावांत पावणेसोळा अंशांचा फरक, म्हणजे सूर्याच्या हिशेबानं एक तास तीन मिनिटं. सूर्य तिथं तासभर आधी डोक्यावर येतो आणि तासभर आधी कलतो, पण मनगटावरचं घड्याळ दोन्हीकडे एकच. डिसेंबरात दक्षिणेकडे दिवस जरा मोठा असतो, म्हणून संध्याकाळचा फरक तासापेक्षा थोडा कमी आणि सकाळचा जास्त जाणवतो. आईनं उपाय काढला. "मंग आमी साडेसातले जेवून झोपतो." कोणाला अंदमानला जायचं असेल तर हेच करा. सकाळी सहाला निघा, दुपारी चारच्या आत परत या. उशिरा उठणाऱ्या हॉस्टेलकरांना तिथं अर्धाच दिवस मिळेल.

फोन इतका स्पष्ट कसा लागतो याचं नांदेडकराला, म्हणजे आमच्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्याला, फार कौतुक. चेन्नईहून या बेटांपर्यंत समुद्राच्या तळावर सुमारे २,३०० किलोमीटर ऑप्टिकल फायबर टाकली आहे, ती १० ऑगस्ट २०२० ला सुरू झाली. त्याआधी सगळा भार उपग्रहावर होता. आईचा "जेवला का?" हा प्रश्न बंगालच्या उपसागराच्या तळावरून येत होता.

दुसऱ्या दिवशी सेल्युलर जेल. मराठी माणूस अंदमानला गेला की इथं जातोच. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेला, ६९३ कोठड्यांचा तुरुंग. मधल्या मनोऱ्यापासून सायकलच्या आऱ्यांसारख्या सात इमारती निघत होत्या. त्यांची रचना अशी की एका इमारतीच्या कोठड्यांची तोंडं पुढच्या इमारतीच्या पाठीकडे. कैद्याला समोर दुसरा कैदी दिसणारच नाही. प्लॅनिंगच्या तासाला असं उदाहरण कोणी देत नाही, पण नकाशा माणसाचं काय करू शकतो ते इथं दिसतं. आज तीनच इमारती उरल्या आहेत. सावरकरांना इथं १९११ मध्ये आणलं, ते १९२१ पर्यंत इथं होते. त्यांचे थोरले बंधू बाबारावही त्याच तुरुंगात होते.

आईनं कोठडीत जाऊन हात जोडले. बाबा मात्र कोलूपाशी थांबून राहिले. कोलू म्हणजे तेलाचा घाणा. आमच्या आजीच्या लहानपणी गावात घाणा होता, बैल गोल फिरायचा. इथं दांड्याला माणूस जुंपायचे आणि दिवसाला तीस पौंड, म्हणजे साडेतेरा किलोच्या वर, खोबरेल काढून मागायचे. नाही निघालं तर शिक्षा. रात्री फोनवर बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बैलालेही दुपारी सोडतेत रे." आणि फोन आईकडे दिला.

त्याच दिवशी वंडूरच्या रस्त्याला त्यांनी सिप्पीघाट पाहिलं. कुठल्याही पर्यटनाच्या यादीत तुम्हाला हे सापडणार नाही, तिथं बघण्यासारखं काही नाही. रस्त्याच्या कडेला नुसतं पाणी. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात पोर्ट ब्लेअरच्या आसपासची जमीन सुमारे एक मीटर खाली गेली. सुनामी आली आणि ओसरली, पण इथलं पाणी परत गेलं नाही, कारण जमीनच खचली होती. पाण्याखाली गेली ती भातशेती. बाबांनी रिक्षा थांबवायला लावली. पाण्यासाठी तीस वर्षं आभाळाकडे बघणारा शेतकरी, पाणी आल्यामुळं गेलेली शेतं बघत उभा होता. हे मला आईनं सांगितलं, बाबांनी नाही.

हॅवलॉकबद्दल तुम्ही सगळ्यांनी रील्स पाहिली आहेत, म्हणून थोडक्यात आटोपतो. पोर्ट ब्लेअरहून बोटीनं दीड ते अडीच तास, बोट कुठली त्यावर अवलंबून. आईला उलट्या, आवळासुपारी निकामी. राधानगरचा किनारा मात्र बघून तिचं सगळं दुखणं पळालं. तिनं व्हिडिओ पाठवला तर नांदेडकर म्हणाला, "फिल्टर लावलाय." फिल्टर पाण्याचाच आहे. पाणी लाल रंगाचे किरण आधी शोषून घेतं, निळे-हिरवे उरतात. तळाला पांढरी वाळू असली आणि पाणी स्वच्छ असलं की ते किरण वाळूवरून परत वर येतात, म्हणून उथळ पाणी फिरोजी दिसतं आणि खोल पाणी गडद निळं. पांढरी वाळू कुठून येते? प्रवाळ आणि शिंपल्यांचा चुरा. त्यातला काही भाग पोपटमाशाची कृपा. हा मासा प्रवाळ चावतो, त्यातलं खाण्यासारखं खातो आणि चुना वाळूच्या रूपानं मागून सोडून देतो. आई त्या वाळूवर मोठ्या कौतुकानं अनवाणी चालत होती. मी तिला हे सांगितलं नाही. या अंकात वाचेल.

बाबांनी एलिफंट बीचला तोंडाला नळी लावून पाण्यात डोकं घातलं. आयुष्यभर विहिरीत सूर मारलेला माणूस, त्यांना भीती नव्हती. वर येऊन म्हणाले, "खाली झाडं हायेत." मग गाईडनं सांगितलं, झाडं नाहीत, प्राणी आहेत. प्रवाळ हा बारीक बारीक प्राण्यांचा समूह, त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाळ राहतं. शैवाळ अन्न करून देतं, रंगही देतं. पाणी जास्त तापलं की प्राणी शैवाळाला बाहेर टाकतो आणि पांढराफटक पडतो. फार दिवस तसंच राहिलं तर मरतो. अंदमानात २०१० मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये असं मोठ्या प्रमाणावर झालं. बाबांनी पाहिलेल्या "झाडां"पैकी बरीच पांढुरकी होती. आठवण म्हणून त्याचा तुकडा उचलू नका. प्रवाळ बाळगणं वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे आणि विमानतळावर बॅगा तपासतात.

आता जेवण. आई माळकरी, त्यामुळं तिची काळजी होती. बाबा बाहेर असले की खातात. समुद्राचे मासे खायचेच असं ठरवून हॅवलॉकला पहिल्याच दिवशी खानावळीत बसले, "मच्छी थाली" मागितली, आणि ताटात आला रोहू. आमच्याकडे धरणात मिळतो तोच! बाबा म्हणाले, "याच्यासाठी विमानानं आलो काय?" यामागं इतिहास आहे. फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या अनेक बंगाली कुटुंबांना सरकारनं अंदमानात वसवलं, हॅवलॉक आणि नील त्यांचीच. ही माणसं नदीकाठची. समुद्राच्या मधोमध येऊन पिढ्या गेल्या तरी जीभ गोड्या पाण्याच्या माशांवर. दुसऱ्या दिवशी बाबांनी "समुंदर की मच्छी" असं स्पष्ट सांगून सुरमई मिळवली. मोहरीच्या तेलातली, भातासोबत. "काटे कमी, पैसे जास्त" एवढाच त्यांचा अभिप्राय.

नीलला ते एका बंगाली दीदीच्या घरी दोन खोल्यांच्या होमस्टेमध्ये उतरले होते. आईचं खरं जेवण तिथं झालं. मोहरीच्या तेलात तळलेले वांग्याचे जाड काप, केळफुलाची भाजी, पातळ मसुरीची डाळ, भात. वांगं हे आमचं पीक, पण त्याला शेंगदाणा-तीळ न लावता नुसतं हळद-मिठात तळतात हे आईला आधी अपुरं वाटलं. दुसऱ्या दिवशी तिनं दोन काप जास्त घेतले. दीदीला आपला ठेचा दिला. दीदीनं तो भाताला लावून खाल्ला, डोळे पुसले आणि पुन्हा मागितला. दोघींचं हिंदी ऐकण्यासारखं असणार. आई म्हणाली, "मले तिचं अर्धं समजे, तिले माहं अर्धं समजे. पुरे झालं तेवढं."

आईनं दीदीला भाव विचारले. कुठंही गेली तरी ती आधी बाजार बघते. मासे स्वस्त, नारळ स्वस्त, केळी स्वस्त, पण कांदे-बटाटे, डाळ, तांदूळ बहुतांश चेन्नई-कोलकात्याहून जहाजानं येतात. जहाज उशिरा आलं की भाव चढतात. नील हे तिथलं भाजीपाल्याचं बेट समजतात, म्हणून तिथं ताटात हिरवं दिसतं. तर मित्रांनो, बेटावर गेल्यावर कोणी पनीर बटर मसाल्यासाठी भांडू नये. त्यातल्या कितीतरी वस्तू तुमच्यापेक्षा लांबचा प्रवास करून आलेल्या असतात.

आता पहिल्या प्रश्नावर येतो. समुद्र कुठं गेला?

ओहोटी लागली होती. पृथ्वीच्या चंद्राकडच्या बाजूला आणि त्याच्या विरुद्ध बाजूला पाणी थोडं फुगतं. पृथ्वी स्वतःभोवती फिरते तसा प्रत्येक किनारा या दोन फुगवट्यांमधून जातो, म्हणून दिवसात साधारण दोनदा भरती, दोनदा ओहोटी. तेवढ्या वेळात चंद्रही पुढं सरकतो, म्हणून भरती रोज पन्नासेक मिनिटं उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. याला उधाण म्हणतात. त्या दिवशी दत्तजयंती होती, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमा! आई उपास करून बसली होती आणि समुद्र उधाणाच्या ओहोटीला होता.

इथं रत्नागिरीकरानं आपलं घरचं शास्त्र काढलं. कोकणात म्हणे भरतीची वेळ काढायला तक्ता लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला चार पाऊणे तीन, तीनला भरती. पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा, त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. "म्हणजे सव्वापाच-साडेपाचला पाणी सगळ्यात खाली, काकू!" पाऊणपट का, तर पाऊण तास म्हणजेच रोजची ती पन्नासेक मिनिटं. आजोबा-पणजोबांनी चंद्राचा वेग तिथीत बसवून ठेवलाय. मी ऐकून थक्क झालो. आई मात्र म्हणाली, "साडेपाचले इथं अंधार असते राजा. पाणी आत्ताच गेलं हाय." रत्नागिरीकराचा चेहरा पडला. गणित चुकलं नव्हतं, किनारा चुकला होता. रोजची पाऊण तासाची पुढं सरक कुठंही लागू आहे, पण सुरुवातीची वेळ प्रत्येक बंदराची वेगळी. ती रेखांशावर, किनाऱ्याच्या आकारावर, समुद्राच्या खोलीवर ठरते. त्याचं गणित कोकणाचं होतं.

उघड्या पडलेल्या खडकांवरून आई-बाबा तिथल्या नैसर्गिक कमानीपर्यंत चालत गेले. ती फक्त ओहोटीलाच जवळून बघता येते. खडकांच्या खळग्यांत अडकलेलं पाणी, त्यात बोटाएवढे निळे मासे, काळे समुद्रकाकडीचे जीव. आई एका खळग्यापाशी पदर सावरून बसली आणि अर्धा तास उठली नाही. बाबांनी तिचा तो फोटो काढला. लग्नानंतर त्यांनी तिचा काढलेला हा पहिलाच एकटीचा फोटो, असं आईचं म्हणणं.

रात्री बाबांचा स्वतःहून फोन आला. असं कधी होत नाही. दीदीच्या अंगणात विहीर होती. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, वीसेक फूट खोल, आणि पाणी गोड. बाबांनी चाखून पाहिलं होतं. "हे कसं काय? चारही बाजूनं खारं, अन् मधात गोड?"

तर ऐका. पावसाचं पाणी बेटाच्या जमिनीत मुरतं. खाली खारं पाणी आहेच. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून ते त्याच्यावर तरंगत राहतं, भिंगाच्या आकारात. मधे जाड, कडेला पातळ. समुद्राच्या पाण्याची घनता १.०२५ धरली तर समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी जितकी, त्याच्या चाळीसपट जाडी खाली असते. याला घायबेन-हर्झबर्ग संबंध म्हणतात. पण हाच चाळीसचा आकडा उलटाही फिरतो. उपसा करून पातळी एक फूट खाली आणली, की कालांतरानं खालून खारं पाणी चाळीस फूट वर सरकू शकतं. एकदा विहीर खारट झाली की गोडी व्हायला फार काळ जातो. म्हणून अशा बेटावर खोल बोअर मारणं म्हणजे आपल्या हातानं खारं पाणी वर बोलावणं. तिथं उथळ विहीर आणि बेताचा उपसा हेच शहाणपण.

बाबांनी मधेच विचारलं, "पाऊस किती इथं?" वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. आमच्याकडे आठशे-नऊशे. "मंग यांना काय कमी?" कमी आहे. जमीन उताराची, पाणी पडतं आणि समुद्रात जातं. पोर्ट ब्लेअरला धनीखारी धरण आहे, तरी कोरड्या महिन्यांत तिथं नळाला रोज पाणी देता येत नाही अशी वेळ येते. दीदीच्या न्हाणीघरात पाहुण्यांसाठी दोनच बादल्या भरलेल्या असायच्या. एक मुंबईचं जोडपं त्यावरून तिच्याशी भांडून गेलं. आई-बाबांनी दोघांत मिळून दीड बादली वापरली. दीदीला आश्चर्य वाटलं. आमच्याकडे एप्रिलमध्ये एक बादली असते, तिला काय माहीत?

(दुसऱ्या दिवशी पेपरात हाच प्रश्न आला असं लिहिण्याचा मोह होतोय. आला नाही. कॅनॉल फॉल आला, तो मी केला नव्हता.)

शेवटचा दिवस नोटेचा. पोर्ट ब्लेअरच्या चॅथमहून फेरीबोटीनं बांबू फ्लॅट, तिथून गाडीनं माउंट हॅरिएट. २०२१ पासून त्याचं नाव माउंट मणिपूर आहे, कारण १८९१ च्या युद्धानंतर मणिपूरच्या लढवय्यांना इथं ठेवलं होतं. वर एका ठिकाणाहून झाडांच्या फटीतून नॉर्थ बे आणि तिथलं दीपगृह दिसतं. आईनं हरिपाठातून नोट काढली, हात लांब करून समोर धरली आणि एकदा नोटेकडे, एकदा समुद्राकडे असं बघत राहिली. झाडं वाढली होती, पण टोक तेच. मागं रांगेत उभी असलेली पोरं "आंटी, जल्दी" करत होती. बाबा त्यांच्यावर ओरडले, "रुको जरा! बीस साल से रुकी है वो!" हा व्हिडिओ त्याच पोरांपैकी एकानं काढून बाबांना पाठवला. आमच्या खोलीत तो अनेकदा वाजलाय.

आई काय म्हणाली? "नोटेत पाणी लाल होतं. मले वाटे लालच असंन."

घरी आल्यावर काकांनी पहिल्याच संध्याकाळी विचारलं, पाहिलं का पाणी? बाबांनी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी ते दोरीला दगड बांधून शेतातल्या जुन्या विहिरीवर गेले आणि पाण्याची पातळी मोजून आले. तेव्हापासून दर रविवारी मोजतात आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर फुटात लिहून ठेवतात. बोअर मारलेला नाही. मारणार नाही असंही म्हणत नाहीत. उरलेल्या पैशांत विहिरीतला गाळ काढायचा का, यावर सध्या घरात बोलणं चालू आहे. माझ्याकडून विहीर पुनर्भरणाचं डिझाइन मागवलंय. पाळजमिनीवरच्या पन्हाळ्या, गाळणीचा खड्डा, सगळं. सबमिशनपेक्षा कडक गाईड आहे.

आईनं एका लिटरच्या बाटलीत नीलचं समुद्राचं पाणी आणलं होतं, आजीला दाखवायला. आजीनं बोट बुडवून चाखलं, थुंकलं आणि बाटली उजेडात धरून बघितली.

"याच्यात डाळ शिजते?"

"नाई."

"वावराले देता येते?"

"नाई."

"मंग एवढ्या पाण्याचं करतेत काय तिथं?"

बाबा कॅलेंडरवर आकडा लिहीत होते. म्हणाले, "पाहतेत."